पस्तानाची बॅग

आईवडील आणि मुलं यांच्यातलं अंतर घरात राहून कधीच मिटत नाही; ते मिटवायला प्रवासच करावा लागतो. कुटुंबाने एकत्र केलेली सहल हा आजच्या काळातला सतरावा संस्कार होय.

हे विधान माझं नव्हे. दोन हजार सालच्या मे महिन्यात आमच्या 'स्नेहबंध' सोसायटीत पुण्याहून आलेल्या एका कौटुंबिक जिव्हाळा तज्ज्ञांनी ते केलं आणि ऐकणाऱ्यांना टिपून घेता यावं म्हणून ते जरा थांबले. कोणी टिपलं नाही. व्याख्यान सोसायटीच्या मोकळ्या प्लॉटवर होतं. हा प्लॉट कोणाच्या वापराचा, यावरून निम्मी सोसायटी उरलेल्या निम्म्या सोसायटीशी बोलत नव्हती, त्यामुळे खुर्च्यांचे दोन वेगळे गट मांडून मधून जिव्हाळ्याला जायला वाट ठेवली होती. तज्ज्ञ सुंदर बोलले. मुलांना वेळ द्या, त्यांच्या डोळ्यांत बघा, सुट्टीच्या नियोजनात त्यांना सहभागी करून घ्या. नंतर पोहे खाताना आमच्या सेक्रेटरींनी त्यांना विचारलं, "घरी फोन करायचाय का, सर? नाशिकहून निघतोय म्हणून?" तज्ज्ञ म्हणाले, "नको. घरी कोणी उचलत नाही."

हे उत्तर ऐकून एखाद्याने पुढचा सगळा खटाटोप टाळला असता. पण आमच्या समोरच्या रो-हाउसमधले योगेशशेठ तेव्हा दुसरी प्लेट आणायला गेले होते.

योगेशशेठ कांद्याचे व्यापारी. धंदा लासलगावला, घर नाशिकला. मुलीला इंग्रजी शाळा मिळावी म्हणून ही व्यवस्था. ते पहाटे सुमो काढून लासलगाव गाठत आणि मुलगी झोपल्यावर घरी येत. रविवारी लिलाव नसे, पण रविवारी खळ्यावर, म्हणजे ज्या आवारात कांदा निवडून गोण्या भरतात तिथे, ट्रक लागलेले असत. पूर्ण सुट्टी एकच: अमावास्या. आमच्या भागात अमावास्येला कांद्याचा बाजार बंद. लिलाव नाही, मापारी नाही, हमाल नाही. ही चाल कोणी पाडली, कोणाला ठाऊक नाही आणि त्यामुळेच ती कोणी मोडत नाही. थोडक्यात, योगेशशेठची एकुलती एक मुलगी निकिता हिला वडील दिसत ते आकाशात चंद्र नसे त्या दिवशी.

निकिता तेव्हा दहावीत जात होती. दहावीनंतर तिला लातूरला पाठवायचं हे ती आठवीत असतानाच ठरलेलं. लातूरला मुलांचे डॉक्टर करून देतात, अशी त्या काळी आपल्याकडे खात्री होती. मुलीने रडारड केली नाही. ती वडिलांना म्हणाली, "लातूरला जाईन, पण त्याच्याआधी मला समुद्र दाखवायचा. तुम्ही दाखवायचा. मामानं नाही, शाळेनं नाही." योगेशशेठ खूश झाले. "पोरगी सौदा करते, सर! माझ्यावर गेलीय," ते मला म्हणाले आणि त्यांनी तिच्या हातावर हात मारला. बाजारात त्यांच्या शब्दाला किंमत होती. घर बाजारात मोडत नसल्याने तिथली किंमत कोणी पाहिली नव्हती.

व्याख्यानानंतर ते माझ्याकडे आले. त्यांच्या चेहऱ्यावर पालकत्व पसरलं होतं.

"सर, लय भारी बोलला माणूस. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. आता समुद्र करायचाच. तुमचा विषय भूगोल. आपल्याला जवळचा समुद्र कोणता?"

"अरबी," मी म्हणालो.

"तसं नाही, जवळचा कोणता?"

"अरबीच. दुसरा लांब पडतो."

"सरळ सांगा ना राव."

मी डहाणू-बोर्डी सांगितलं. त्र्यंबक, जव्हार, डहाणू. पहाटे निघालं की जेवायच्या आत किनारा, अंधार पडल्यावर परत. एका दिवसात होण्यासारखं. दिवस त्यांच्याकडे एकच असल्याने हे ठिकाण पसंत पडलं. तिथे चिकू फार पिकतो, हे कळल्यावर तर अधिकच.

पुढचं वर्षभर नियोजन चाललं. तज्ज्ञांनी सांगितल्याप्रमाणे मुलीला सहभागी करून घ्यायचं, म्हणजे मुलगी जागी असताना वडील घरी हवेत, म्हणजे अमावास्या. त्यामुळे समुद्रावर जाता आलं असतं अशी प्रत्येक अमावास्या समुद्रावर कधी जायचं हे ठरवण्यात गेली. योगेशशेठच्या हॉलमध्ये सगळे जमत. त्यांची बायको मनीषा, आई कुसाबाई, निकिता आणि भूगोलासाठी मी. निकिताने शाळेच्या नकाशाच्या वहीतला महाराष्ट्र आणलेला असे आणि त्यावर नाशिकपासून डहाणूपर्यंत पेन्सिलीने रेघ ओढलेली असे. योगेशशेठ तिच्या डोळ्यांत बघत, मग फोन वाजे आणि ते रिसीव्हरमध्ये बघत. "हां बोला. काय माल हाय? ओला नको." रेघ तिथेच राही.

खरी अडचण कुसाबाईंनी काढली.

"आमुशाला? आमुशाला उंबरा ओलांडून गावाला निघायचं? नाय."

"आई, मला दुसरा दिवसच मोकळा नाही."

"मग नको जाऊ."

"पोरीला शब्द दिलाय मी."

"दुसऱ्या साली जा. समुद्र काय कांदा हाय का नासायला?"

ज्या अमावास्येमुळे सुट्टी मिळायची तिच्यामुळेच बाहेर पडता येत नव्हतं. असा पेच एखाद्या शास्त्रज्ञापुढे आला असता तर त्याने हात टेकले असते. पण आपल्या लोकांनी रूढी निर्माण करतानाच तिच्यातून निसटायची वाटही निर्माण केलेली असते, आणि ती वाटही रूढीच असते. दोन-तीन अमावास्या मुलीचा पडलेला चेहरा पाहून कुसाबाईंनीच ती काढली.

"पस्तान ठेवा," त्या म्हणाल्या.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. जायच्या दिवशी मुहूर्त वाईट असेल, तर आधीच्या एखाद्या चांगल्या दिवशी सामानातलं एखादं बोचकं शेजारी नेऊन ठेवायचं. बोचकं निघालं म्हणजे माणूस निघाला. मग माणसाने प्रत्यक्षात केव्हाही पाय उचलला तरी चालतं, कारण देवाच्या हिशेबी तो कधीच प्रवासाला लागलेला असतो. यालाच पस्तान म्हणायचं. अट एकच. एकदा बाहेर पडलेलं पस्तान प्रवास झाल्याशिवाय घरात परत घ्यायचं नाही. घेतलं की मोडता आला. आमचं घर त्यांच्या पश्चिमेला, समुद्रही पश्चिमेला. पस्तान आमच्याकडे यायचं ठरलं. माझी बायको साधना म्हणाली, "दिवाणाखाली जागा आहे." आमच्या घराचा धार्मिक उपयोग एवढाच झाला.

दहावीची परीक्षा झाली. वैशाखातली अमावास्या मुक्रर झाली. पुढच्या अमावास्येपर्यंत पाऊस आणि निकाल, त्यानंतर लातूर. म्हणजे हीच एक उरली होती, हे निकिताने मला नकाशा न उघडता सांगितलं.

याच सुमारास बाजारातले दुसरे व्यापारी सोमाशेठ सहलीत आले. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. अमावास्या एकट्या योगेशशेठची नव्हती, अख्ख्या बाजाराची होती. डहाणूचं नाव निघालं तेव्हा सोमाशेठ समोर चहा पीत बसले होते, आणि समोर चहा पिणाऱ्याला "तुम्हीपण चला की" असं न म्हणणं हे आपल्याकडे सात पिढ्यांचं वैर. सोमाशेठ "नको, तुमची फॅमिली" असं म्हणाले आणि लगेच "बरं" म्हणाले. मग सोमाशेठचे मेहुणे आले. मग ज्यांच्याशी मेहुण्यांचं नव्याने जमलं होतं ते पिंपळगावचे एक पाहुणे आले. सुमो भरली. घरच्यांसाठी झुंबर नावाच्या ड्रायव्हरची ट्रॅक्स सांगण्यात आली.

"पप्पा, आपण वेगळ्या गाडीत?" निकिताने विचारलं.

"मागेपुढेच असणार गं. काचेतून दिसतोच की मी."

अमावास्येच्या चार दिवस आधी चांगला वार पाहून पस्तानाची बॅग आमच्याकडे आली. निळी, चेनची, नवीन. निकिताने ती स्वतः भरली होती. मेन रोडवरून आणलेली रुंद काठाची गवती टोपी, टॉवेल, शिंपले आणायला रिकामा श्रीखंडाचा डबा आणि वडिलांसाठी एक फुलाफुलांची अर्धी चड्डी. योगेशशेठचे गुडघे तोवर त्यांच्या घरच्यांनीही पाहिले नव्हते. ही चड्डी मनीषाने घेतली होती आणि "घालणार नाहीत, पण असू दे" असं म्हणत घडी घालून दिली होती. कुसाबाईंनी बॅगेला हळदकुंकू लावलं. आम्ही ती दिवाणाखाली सरकवली.

अमावास्येच्या पहाटे अख्खी गल्ली जागी झाली. सुमोत सोमाशेठ, मेहुणे आणि पाहुणे वेळेआधी येऊन बसले होते. मागे सोडा, फरसाण आणि काही झाकलेल्या पेट्या होत्या, ज्यांत काय आहे हे विचारायची आपल्याकडे पद्धत नाही. मनीषाने पुऱ्या आणि बटाट्याची सुकी भाजी केली होती. निकिता तयार होऊन आमच्या फाटकात उभी होती. बॅग निघताना उचलायची, असं कुसाबाईंनी बजावलं होतं.

झुंबर आला. चालत आला.

"गाडी कुठंय रे?" योगेशशेठनी विचारलं.

"घरी हाय."

"का? पंक्चर?"

"गाडीला काय झालंय? आज आमुशा हाय, शेठ. आमुशाला म्या गाडी काढीत नाय."

"अरे, महिनाभर आधी तारीख सांगितली होती मी तुला!"

"तारीख सांगितली. आमुशा हाय, हे कुठं सांगितलं? काल बायकोनं कालनिर्णय बघितलं म्हणून कळलं."

"पस्तान ठेवलंय आम्ही. काही होत नाही."

"तुमचं ठेवलंय. माझ्या गाडीचं कुठं ठेवलंय?"

योगेशशेठनी आईकडे पाहिलं. कुसाबाई क्षणभर विचार करून म्हणाल्या, "बरोबर बोलतोय त्यो."

त्या वेळी दुसरी गाडी मिळण्याचा प्रश्नच नव्हता. नाशिक जिल्ह्यातले अर्धे ड्रायव्हर बाजार बंद म्हणून झोपलेले आणि उरलेले अर्धे अमावास्या म्हणून. गाडी एक, माणसं दोन गाड्यांची. सगळे सुमोकडे पाहू लागले. सोमाशेठ आतून म्हणाले, "अरे, आम्ही उतरतो की! हाय काय त्यात!" हे बोलताना त्यांनी दाराला हातही लावला नाही. मेहुणे तर डोळे मिटून होते.

"छे छे," योगेशशेठ घाईने म्हणाले. "तुम्ही पाहुणे. तुम्हाला उतरवू काय? ही घरचीच माणसं. केव्हाही जातील."

आपल्या समाजाने कुटुंबव्यवस्थेविषयी अनेक ग्रंथ लिहिले. या चार वाक्यांत ते सगळे आले.

"पप्पा," निकिता म्हणाली, "मी मागं बसते. डिकीत. मला चालतं."

"मागं पेट्या आहेत, बेटा."

"पेट्यांवर बसते."

"असं काय करतेस? किती समजूतदार तू! पुढच्या अमावास्येला आपण दोघंच जाऊ. पक्का." त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढला, हातावर मारून घ्यायला. निकिताचे दोन्ही हात फाटकावर होते. हात थोडा वेळ बाहेर राहिला आणि आत गेला.

"यांनी तरी कशाला जायचं मग?" साधना माझ्या कानात म्हणाली. साधनाला व्यवहार कळत नाही. योगेशशेठ गेले नसते तर पाहुण्यांना वाईट वाटलं असतं.

सुमो गेली. केलेल्या इतक्या पुऱ्यांचं काय करायचं, म्हणून मनीषाने दुपारी आम्हाला जेवायला बोलावलं. हॉलमध्ये सतरंजी टाकून आम्ही सहलीचं जेवण जेवलो. मनीषा कोणाला उद्देशून नाही अशा आवाजात म्हणाली, "लग्नानंतर मला माथेरान दाखवणार होते. ते अजून आहे म्हणतात तिथेच." कुसाबाईंनी तिला आणखी एक पुरी वाढली. सासूकडून एवढं पुष्कळ झालं.

फोन वाजला. डहाणूहून होता, किनाऱ्याजवळच्या एसटीडी बूथवरून. निकिताने स्पीकरचं बटण दाबलं.

"निकू! पोचलो बघ! ऐक, समुद्र ऐक!"

आम्ही सगळे ऐकू लागलो. फडफड फडफड असा आवाज येत होता.

"आला ऐकू?"

"पप्पा, बूथमध्ये पंखा आहे का?"

"आहे. का?"

"मग तोच ऐकू येतोय."

"थांब, थांब. बाहेर धरतो." मग बरीच खडखड झाली. लांबून एक अनोळखी आवाज आला, "ओ शेठ, वायर तुटंल! आत घ्या तो फोन!" मग पुन्हा पंखा. योगेशशेठ चिकाटीचे. त्यांनी तोंडीच समुद्र सांगायला घेतला. "लय मोठाय. म्हणजे असा सरळच आहे सगळा. शेवटच दिसत नाही. पाणी येतंय, जातंय, येतंय, जातंय." मग त्यांना सुचेना. मग त्यांनी ती जेवली का, काय जेवली, दहावीत बीजगणित कसं गेलं, तिची ती मैत्रीण कोणत्या शाखेला जाणार, असं एकेक विचारलं. ती हो, नाही, बरं गेलं, माहीत नाही, असं म्हणाली. मधेच तिने विचारलं, "तुम्ही पाण्यात गेलात का?" ते म्हणाले, "नाही गं, बुटात वाळू जाते."

रात्रीच्या जेवणाआधी ते परतले. निकितासाठी बाटली आणली होती. पाण्याची प्लास्टिकची बाटली, आत गढूळ पाणी, तळाशी बोटभर वाळू.

"घे! म्हणालो होतो ना, समुद्र देईन म्हणून? आणला की नाही?"

निकिताने झाकण काढलं, बोट बुडवून जिभेला लावलं आणि म्हणाली, "खारट आहे." कुसाबाईंनी बाटली तिच्या हातातून घेऊन देव्हाऱ्यापाशी ठेवली. समुद्र म्हणजे तीर्थ, तो असा वाटेल तिथे ठेवता येत नाही.

पण योगेशशेठची अवस्था बघण्यासारखी होती. माझ्या ओट्यावर बसून ते म्हणाले, "सर, त्या व्याख्यानवाल्याला मानलं आपण. आज पोरीशी मी जेवढं बोललो ना, तेवढं जन्मात बोललो नव्हतो. प्रवासानं माणूस जवळ येतो, ही गोष्ट खरी आहे."

"तुम्ही डहाणूला होता. ती इथे होती."

"तेच म्हणतोय ना मी! इथं असतो तर बोललो असतो का?"

मी कॉलेजात वीस वर्षं शिकवतो आहे. या युक्तिवादाला मला अद्याप उत्तर सापडलेलं नाही.

बॅग आमच्याकडेच राहिली. ती घरी न्यावी असं साधनाने सुचवून पाहिलं, तर कुसाबाई म्हणाल्या, "पस्तान माघारी येत नसतं. पोरीचं जाणं व्हायचंय अजून." त्यामुळे निकिता अधूनमधून आमच्याकडे येई, दिवाणाखालून बॅग ओढी, टोपी काढून घाली आणि आमच्या हॉलमध्ये पंख्याखाली बसून मासिकं वाची. जाताना टोपी पुन्हा आत.

जूनच्या सुरुवातीला ते तज्ज्ञ पुन्हा आले. या खेपेला श्रोत्यांमधून अनुभवकथन ठेवलं होतं. योगेशशेठ उठले आणि माईक धरून म्हणाले, "आम्ही फॅमिली मिळून समुद्राची सहल प्लॅन केली. वर्षभर प्लॅनिंग केलं, पोरीला विचारून केलं. अंतर होतं, पण मनं जवळ आली." तज्ज्ञांनी चष्मा काढून डोळे पुसले. प्लॉटच्या दोन्ही बाजूंनी टाळ्या पडल्या, हे आमच्या सोसायटीच्या इतिहासात प्रथमच. निकितानेही टाळ्या वाजवल्या. ती समजूतदार होती.

पुढची अमावास्या आली तेव्हा भाव हलत होते आणि योगेशशेठ खळ्यावर होते. बाजार बंद असला तरी भाव बंद नसतो, असं ते म्हणाले. मग निकाल लागला. चांगला लागला. लातूरला प्रवेश मिळाला. जायचा दिवस बाजाराचा होता, म्हणून पोचवायला मनीषा आणि तिचा भाऊ निघाले. योगेशशेठ पहाटे झोपलेल्या मुलीच्या डोक्यावरून हात फिरवून गेले. ती झोपलेली नव्हती, असं तिने नंतर साधनाला सांगितलं.

रिक्षा दारात आल्यावर कुसाबाई काठी टेकत आमच्याकडे आल्या. "ती बॅग काढा. निघालेली बॅग हाय, ती कुठंतरी पोचली पायजेल. नायतर पोरीचा पाय घुटमळंल."

"आजी, पण ती पश्चिमेला निघालेली," मी म्हणालो. "लातूर पूर्वेकडे येतं."

"रस्ता वळतोय की," कुसाबाई म्हणाल्या.

निकिताने बॅग उघडली. अर्धी चड्डी काढून तिने घडी नीट केली आणि साधनाकडे दिली. "काकू, ही पप्पांना द्या. अमावास्येला भेटतील तेव्हा." टोपी काढायला हात घातला, मग तशीच राहू दिली. चेन ओढली आणि बॅग रिक्षात ठेवली.

रिक्षा कोपऱ्यावर वळली. कुसाबाईंनी समाधानाने हात जोडले. "बघा सर, पस्तान कधी वाया जात नाय. पोचतंच."

लातूरला समुद्र नाही.